विमानाच्या शेडातली खंडेनवमी

माझी धाकटी बहीण नांदेडला विमानं दुरुस्त करते. हे मी कुणाला स्वतःहून सांगत नाही. मेसमध्ये जेवायला येणाऱ्या पोरींना ते माझ्या लेकीकडून कळतं आणि शेजारणींना आमच्या यांच्याकडून. मग त्या माझ्याकडे वळतात. "खरं का हो काकू? विमानं?" मी "हाव" म्हणते आणि तव्यावरची भाकरी उलटते. उलटायची वेळ झालेली नसली तरी उलटते.

लातुरात क्लासेसच्या भागात आमचं घर आहे. पुढच्या खोलीत पोरी जेवतात, मागच्या खोलीत मी रांधते. मधे पडदा आहे. पडद्याच्या पुढचं सगळं लेक बघायची. कुणाला काय कमी पडलं, कुणाचं भांडण झालं, कुणी जेवत नाही. मला माणसांपुढे बोलता येत नाही. बोलायचं मनात तयार होतं, पण तोंडाशी येईपर्यंत समोरचं माणूस दुसऱ्या विषयावर गेलेलं असतं.

गेल्या वर्षी लेक बारावी झाली. डॉक्टरकीच्या परीक्षेत तिला पुरेसे गुण पडले नाहीत. आमच्या भागात अशा पोरांनी पुन्हा एक वर्ष क्लास लावायची रीतच आहे, निम्मी गल्ली त्यांचीच. आमच्या यांनी तिलाही क्लास लावला. ती जायची, यायची, पण पुस्तक उघडून मोबाईलवर मावशीशी बोलत बसायची. मावशी जिथं विमानं दुरुस्त करते त्या शेडात दसऱ्यानंतर शिकाऊ मुलं-मुली घेणार होते. लेकीला तिथं जायचं होतं. मावशीकडे राहायचं, दिवसा काम शिकायचं, बरोबरीनं परीक्षा द्यायच्या.

आमचे हे डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर असतात. त्यांनी एका वाक्यात विषय माझ्याकडे सरकवला. "मला विमानातलं काय कळतंय? बहीण तुझी, लेक तुझी. जाऊन बघून ये. तू हो म्हणालीस तर जाऊ दे, न्हाई म्हणालीस तर गप क्लास करू दे."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हो-नाहीवर काहीतरी ठेवलं होतं. आणि ते काय ठेवलं होतं, तर माझी लेक धाकटीला द्यायची की नाही.

धाकटी माझ्याहून बरीच लहान. आमचं गाव औश्याजवळ. माझ्या वेळी गावात शाळा चौथीपर्यंत होती. पुढं शिकायचं तर औश्याला जावं लागे, आणि पोरीनं एकटीनं जायचं नव्हतं. मी घरी बसले. तेव्हा धाकटी रांगत होती, ती माझ्या कडेवर आली. ती मोठी झाली तोवर गावातली शाळा सातवीपर्यंत वाढली होती. सातवी संपली तोवर औश्याला जायला गावातून बस सुरू झाली होती. तिच्यापुढे रस्ता आपोआप होत गेला. मी पोचायचे तेव्हा तो नसायचा, इतकंच. यात तिची काही चूक नाही, हे मला माहीत आहे. चूक नाही म्हणून राग जात नाही, उलट तो ठेवायला जागा सापडत नाही.

आमचे वडील, अण्णा, ऑइल इंजिनं आणि मोटारी दुरुस्त करायचे. रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची खोली होती. धाकटी दिवसभर तिथं. पाना दे म्हटलं की पाना, चिंधी दे म्हटलं की चिंधी. मी दुपारी भाकरी घेऊन जायचे आणि दारातून परत यायचे. पण खंडेनवमीचा दिवस माझा असे. अण्णा सगळी अवजारं धुऊन पाटावर मांडत आणि पूजा मोठ्या लेकीनं करायची, असा त्यांचा नेम होता. मी एकेका पान्याला, हातोडीला, शेवटी इंजिनाला हळदकुंकू लावायची, वर अक्षता ठेवायची. इंजिनावर अण्णांनी कापड झाकलेलं असे. ते मला कापड काढायला लावत. "कापडाला कशाला लावतीस? यंत्राला लाव. त्याच्या अंगाला लागलं पाहिजे." धाकटी शेजारी उभी राहून बघायची आणि तिला हात लावायची परवानगी नसायची. लहानपणातलं तेवढं एकच आठवतं, जिथं ती माझ्याकडे हेव्यानं बघत होती.

म्हणून धाकटीचा फोन आला, "अक्का, खंडेनवमीलाच ये. आमच्या शेडातबी पूजा असती," तेव्हा मी लगेच तयार झाले. एका खणांच्या डबीत हळद, कुंकू आणि कुंकवात मळलेल्या अक्षता घेतल्या. मेसच्या पोरींना शेजारणीवर सोपवलं आणि आम्ही मायलेकी नांदेडच्या बसमध्ये बसलो. अहमदपूरपर्यंत लेक मावशीबद्दलच बोलत होती. पुढं लोह्यापर्यंत झोपली, तेव्हा जरा बरं वाटलं.

शेड विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे. तिथं मोठी विमानं नसतात. पोरं उडवायला शिकतात ती छोटी, दोन-चार माणसं बसतील अशी विमानं येतात. आत शिरताना दारातच आमच्या हातातल्या बांगड्या, पिना, घड्याळ सगळं एका डब्यात काढून ठेवायला लावलं. माझं मंगळसूत्र पदराखाली घट्ट खोचायला सांगितलं. आत काही पडायला नको म्हणून. हळदकुंकवाची डबी पूजेची म्हणून तेवढी सोडली. जमिनीवर पिवळी रेघ होती. धाकटी म्हणाली, "अक्का, पूजा या रेघंच्या अलीकडं, टेबलावर. रेघंच्या पलीकडं फक्त फूल चालतं. अक्षता न्हाईत. एक दाणा आत गेला तर सगळं खोलावं लागतं." मी मान हलवली.

भिंतीवर अवजारांची फळी होती. प्रत्येक पान्याच्या जागी त्याच आकाराची काळी सावली रंगवलेली. पाना काढला की सावली उघडी पडते आणि काय परत आलेलं नाही ते कळतं. हे मला आधीच माहीत होतं, कारण लेकीनं माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर झारे, उलथनी आणि पळ्यांभोवती तशाच रेघा मारून ठेवल्या होत्या. माझ्याच घरात मला उलथनं मावशीच्या रीतीनं ठेवावं लागत होतं.

धाकटीनं आम्हाला सगळं फिरून दाखवलं. तिच्या अंगात निळा डगला, केस जाळीत. पुरुष तिला मॅडम म्हणत होते आणि ती मागं वळून न बघता "हां, बोला" म्हणत होती. एका काचेच्या पेटीत एक सुई इकडून तिकडे फिरत होती आणि तिच्यातून प्लास्टिकचा बारीक धागा थरावर थर पडत होता. आधी संगणकावर चित्र काढायचं, मग हे यंत्र ते चित्र खरं करतं. धाकटीनं त्यातून इंजिनाच्या तोंडांना बसतील अशी लाल झाकणं केली होती. इंजिन खोललेलं असताना त्यात कचरा जाऊ नये म्हणून. पूर्वी चिंध्या कोंबायचे, एखादी कधी आतच राहायची. झाकण तिनं स्वतः मोजून, चित्र काढून केलेलं, आणि आता सगळ्या शेडात तेच वापरतात. उडत्या विमानात मात्र असा तुकडा बसवता येत नाही, त्याला वरून मंजुरी लागते, असं ती म्हणाली.

मला त्या पेटीकडे बघून सोऱ्यातून पडणारी कुरडई आठवली. आपल्याला हे ओळखीचं वाटलं याचा आनंद झाला. सांगावं की नको, असा विचार करत होते, तेवढ्यात लेक ओरडली, "मावशी, हे तर मम्मीच्या कुरडईवानी हाय!"

सगळे हसले. त्यांच्यात एक वयस्क मेकॅनिक होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. ते म्हणाले, "वा! म्हणजे उन्हाळ्यात मशीन गच्चीवर न्यावं लागतंय का?" आणखी हसू झालं. धाकटीनं लेकीच्या पाठीवर थाप मारली. माझी कुरडईसुद्धा लेकीनं तिला देऊन टाकली.

मग चष्मा दाखवला. जाड काचांचा, डोक्याला पट्टा असलेला. तो घातला की समोरचं इंजिन दिसतं आणि त्यावर हिरवा बाण दिसतो, आधी हा बोल्ट, नंतर तो. आणि घालणारा जे बघतो तेच बेंगळुरूला बसलेल्या मोठ्या इंजिनिअरला त्याच्या पडद्यावर दिसतं. अडलं तर तो कानात सांगतो. लेकीनं घातला आणि बोटानं हवेतला बाण धरायला गेली. मला विचारलं, "अक्का, घालतीस का?" मी नको म्हटलं. मला खूप घालायचा होता.

पूजेची वेळ झाली. टेबलावर पाने, पकडी, मोजायची यंत्रं, तो चष्मा, सगळं मांडलेलं. शेडाचे मोठे साहेब आले. ते सरळ, साधे गृहस्थ, आवाज हळू. धाकटी म्हणाली, "सर, पूजा—" आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला. पण साहेबांची नजर लेकीवर पडली. "ही येणार ना आपल्याकडे? मग हिच्याच हातानं होऊ दे. नव्या माणसाच्या हातानं चांगलं."

लेकीनं ताट घेतलं. ती माझ्याकडे बघायलाही विसरली. तिनं सगळ्या अवजारांना गंध लावलं, फुलं वाहिली, नीट केलं सगळं. मी शिकवलेलंच. आणि मी हातात लातूरहून आणलेली डबी घेऊन, विमानाच्या रेघेबाहेर आलेल्या पंखाखाली, कुणाच्या तरी लग्नात आलेल्या लांबच्या बाईसारखी उभी होते.

हे धाकटीनं पाहिलं. तिला माझं तोंड वाचता येतं, कडेवर होती तेव्हापासून. प्रसाद वाटप चालू झालं, सगळे नारळाकडे वळले, तशी ती माझ्या कोपराला धरून म्हणाली, "चल. अण्णांच्या इंजिनाला लावायचीस तसं लाव." रेघेपलीकडं एका लोखंडी घोडीवर विमानाचं इंजिन काढून ठेवलेलं होतं. त्याच्या तोंडांवर तिची लाल झाकणं. लेक मागोमाग आली.

माझा पाय रेघेवरून पुढे जाईना. मला वाटलं, कुणी बघेल, कुणी काही बोलेल. "तूच लाव," मी म्हणाले.

धाकटीनं माझ्या डबीतून चिमूट घेतली. झाकणाशी हात नेला आणि थांबली. मग हसली, आणि अण्णांचा आवाज काढून म्हणाली, "कापडाला कशाला लावतीस?" आणि तिनं झाकण काढलं. लोखंडाच्या कडेला हळदकुंकवाचं बोट टेकवलं, अक्षता ठेवल्या, झाकण पुन्हा बसवलं. सगळं बोलत बोलत, सवयीनं. तिचं तिलाच कळलं नाही. मला कळलं का? मला फक्त अण्णा दिसले. आणि तिनं ती पूजा माझ्यासाठी केली, एवढं बरं वाटलं.

चहा झाला. साहेब लेकीला म्हणाले, "चल, तुला इंजिनाचं पोट दाखवतो." बारीक वायरीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. माणसाच्या घशातून नळी घालून पोट बघतात तसं इंजिन न खोलता आतलं दिसतं. लेकीला पडद्यासमोर बसवलं. आम्ही सगळे मागे उभे. चाचांनी घोडीवरच्या त्याच इंजिनाच्या वरच्या एका भोकातून वायर आत सोडली. पडद्यावर राखाडी भिंती सरकू लागल्या. "हे बघ, या चकाकत्या भिंतीवर ओरखडा असला तर दिसतो. आणि ही खालची चकती—" साहेब थांबले.

चकतीवर एक लाल दाणा होता. पडद्यावर तो शेंगदाण्याएवढा दिसत होता.

मग चाचा म्हणाले, "हे काय हाय?" आणि वायर जरा फिरवली. कडेला आणखी एक होता.

मी धाकटीकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. खरं लिहायचं तर मला त्या क्षणी गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. मॅडम. डगला. चष्मा. मोजून केलेलं झाकण. आणि ते झाकण स्वतःच्या हातानं काढून आत तांदूळ. आता लेक बघेल. आता घरी जाताना अहमदपूरपर्यंत मावशीचं कौतुक ऐकावं लागणार नाही.

लेक खुर्चीतून उठली. "सर, मी टाकल्या," ती म्हणाली. "पूजा करताना. मला नियम माहीत नव्हता."

गार पाणी घशातच राहिलं. माझी लेक मावशीसाठी खोटं बोलली होती. अगदी सहज, डोळ्याची पापणी न हलवता. माझ्यासाठी तिनं असं कधी केल्याचं मला आठवेना. मग आठवलं, केलं होतं. मेसमध्ये आमटी खारट झाली की ती पडद्यापुढं जाऊन सांगायची, "आज मीठ मीच टाकलं गं." मीच तिला पाठवायची. ही कला तिला माझ्याकडून मिळाली होती आणि ती तिनं धाकटीवर खर्च केली.

"न्हाई," धाकटी म्हणाली. ती एक पाऊल पुढे आली. ती साहेबांकडेच बघत होती. "सर, मी टाकल्या. झाकण मी काढलं. नियम माहीत होता. आमच्या घरी असं लावायची सवय आहे, हात त्या सवयीनं गेला."

साहेबांनी विचारलं, "किती दाणे?"

"माहीत नाही. चिमूटभर."

"किती वेळापूर्वी?"

"नारळ फोडला तेव्हा."

"नंतर कुणी इंजिन फिरवलं?"

"न्हाई."

साहेबांनी चाचांना वायर बाहेर काढायची खूण केली. "बरं केलंस लगेच सांगितलंस. आता नेमकं कुठे शोधायचं ते तरी कळलं." मग बाकीच्यांना म्हणाले, "चहा ठेवा बाजूला. काढा हे." ज्यांचं विमान होतं त्यांना त्यांनी तिथूनच फोन केला आणि तयार व्हायला उशीर होईल असं सांगितलं. का, तेही सांगितलं. तांदूळ गेले म्हणून. मला ऐकून लाजल्यासारखं झालं, त्यांना नाही झालं.

चाचा बाह्या सारत म्हणाले, "मॅडम, इंजिनाचं लगीन लावून टाकलं की हो! मंगलाष्टका तेवढ्या राहिल्या."

"तुम्हीच म्हणा आता," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

मग ती लेकीकडे वळली. हसू गेलं. "आणि तू गं. अक्षता टाकल्या म्हणून इथून कुणाला काढत न्हाईत. खोटं बोललं म्हणून काढतात. मी टाकल्या असत्या चार ठिकाणी आणि तू एकच ठिकाण सांगितलं असतंस, तर? वर उडताना कोण मेलं असतं?" लेकीचे कान लाल झाले. सगळ्यांपुढे बोलली तिला. माझ्या लेकीला रागावायचा हक्क माझा होता. मी तोंड उघडलं. नेहमीसारखं वाक्य तयार व्हायला वेळ लागला, आणि तोवर धाकटीनं लेकीच्या हातात बॅटरी दिली होती. "हिकडं धर. हलवू नको."

पुढं बराच वेळ मी भिंतीपाशी खुर्चीवर बसून बघत होते. धाकटीनं तो चष्मा चढवला. बेंगळुरूचा माणूस लाऊडस्पीकरवर हिंदीत सांगत होता, थोडं डावीकडे बघा, हं, तिथं. तिनं त्यालाही आधी सांगितलं की चूक माझी आहे. तो "ठीक है" म्हणाला आणि पुढचा बोल्ट सांगू लागला. इंजिनाचा तो भाग त्यांनी पूर्ण काढलाच, कारण दाणे किती ते कुणालाच माहीत नव्हतं आणि कॅमेऱ्याला न दिसलेला दाणा नाही असं धरून चालत नाही. एकेक दाणा चिमट्यानं काढून पांढऱ्या ताटलीत ठेवला. माझ्या डबीतले तांदूळ. रात्री उशिरा कुंकवात मळून, वाळत घालून मी ते आणले होते.

मला वाटलं होतं, मला धाकटीच्या डगल्याचा हेवा वाटतो. चष्म्याचा, मॅडम म्हणण्याचा, लेकीच्या डोळ्यांतल्या कौतुकाचा. ते सगळं आहेच, अजून आहे. पण त्या खुर्चीवर बसून मला ज्याचा हेवा वाटला तो सगळ्यांत जास्त दुखला. इतक्या पुरुषांपुढे तिनं "मी टाकल्या" म्हटलं आणि कुणी तिचं माहेर काढलं नाही. कुणी भांडं आपटलं नाही. त्यांनी खुर्च्या ओढल्या आणि शोधायला बसले. लग्न होऊन आल्यावर माझ्या हातून सासरची दुधाची कासंडी कलंडली होती, तेव्हा मी मांजराचं नाव सांगितलं होतं. घरात मांजर येत नसताना. तेव्हापासून मी अशीच जगत आले. माझ्या घरात चूक होते तेव्हा ती कुणाची तरी दुसऱ्याची असते.

संध्याकाळी धाकटीच्या खोलीवर मी भाकरी करत होते. तिच्या ओट्यावर मला सगळं परकं वाटत होतं, पीठ तेवढं ओळखीचं. लेक गच्चीवर बापाशी फोनवर बोलत होती. धाकटी जमिनीवर बसून केरोसिनच्या चिंधीनं नखं पुसत होती.

"अक्का, तू रागावलीस. पोरीला बोलले म्हणून."

"न्हाई."

"रागावलीस."

"एक विमान मिळालं तुला," मी म्हणाले. मला माझा आवाज ओळखू आला नाही. "लई झालं की ते. आता लेकबी पायजे."

धाकटीचा हात थांबला. तिनं तिथंच उलटून बोलावं असं मला वाटत होतं. भांडण झालं असतं तर सोपं झालं असतं.

"तू न्हाई म्हणालीस तर मी तिला घेणार न्हाई," ती चिंधी खाली ठेवून म्हणाली. "सरांना सांगंन, यंदा न्हाई येत म्हणून. ती रुसंल तुझ्यावर, माझ्यावरबी रुसंल. रुसू दे. पण मी तुझ्या पाठीमागून तिला बोलावणार न्हाई. हे काय अण्णांच्या खोलीतलं न्हाई, जी जवळ उभी राहील तिचं व्हायला."

म्हणजे तिलाही ते तसंच आठवत होतं. मला त्याचाही राग आला. तिनं वाईट वागावं, निदान एकदा तरी, म्हणजे मला नीट हेवा करता येईल. सारखं असं चांगलं वागून ती माझ्या हातात काहीच ठेवत नाही.

"भाकरी करपली," ती म्हणाली.

करपली होती. मी ती खाली काढली आणि माझ्या तोंडून निघालं, "माझ्याकडून करपली." एवढंच. दुसऱ्या कुणाकडून करपणार, स्वयंपाक मीच करत होते. पण मी तव्याला, गॅसला, तिच्या बोलण्याला, कशालाच काही म्हटलं नाही. "खरपूस लागती, आण," म्हणून धाकटीनं तिचा तुकडा मोडला आणि खाऊ लागली.

मी पीठ मळत राहिले. लातूरला परत नेली तर लेक क्लासला जाईल. कदाचित डॉक्टरही होईल, हुशार आहे. आणि माझ्या पडद्याच्या पुढं उभी राहून माझ्या आमटीतलं मीठ आपल्या नावावर घेत राहील. तिला ते इतकं छान जमतं. धाकटीकडे आहे ते माझ्याकडे कधीच येणार नाही, वय गेलं आणि जीभही गेली. पण माझ्या लेकीकडे यायला हरकत नव्हती. धाकटीकडे ते असावं आणि माझ्या पोटच्या पोरीकडे नसावं, हे मला सहन होणारं नव्हतं. लोक म्हणतील, मोठ्या मनानं लेक बहिणीच्या हवाली केली. मन काही मोठं झालं नव्हतं. मी लेक दिली नाही. बहिणीकडचं एक घेऊन यायला पाठवली.

"राहू दे तिला," मी म्हणाले.

"काय?"

"राहू दे म्हणलं ना. पण दिवाळीला लातूरला. गुढीपाडव्यालाबी. आणि तिला रागावायचं तर मला आधी फोन करायचा."

"हाव," धाकटी म्हणाली. "आणि रागवून झाल्यावरबी करंन."

जिन्यावर चपला वाजल्या. लेक दारात आली, मोबाईल हातात, तोंड सुकलेलं. दुपारपासून ती कुणाशी धड बोलली नव्हती. आपलं जाणं आपल्याच खोटेपणानं बुडालं असं धरून बसली होती. मी पिठाच्या हातांनी सांगितलं, "पप्पांना सांग, मी हो म्हणाले."

मग तिनं मोबाईल खाली टाकल्यासारखा ठेवला आणि धावत येऊन मावशीच्या गळ्यात पडली. मावशी दाराजवळ बसली होती आणि मी लांब, ओट्यापाशी होते. शिवाय माझे हात पिठाचे होते. म्हणून तसं झालं असणार. पुढची भाकरी थापायला घेतली तेव्हा ती माझ्याकडे आली. मी तिला म्हटलं, आधी हात धू, अजून शेडातल्या तेलाचे आहेत.